खुनी कुणाकडं उतरलाय?

एकामागून एक खून पाडणाऱ्या इसमाची कादंबरी कामथडीत घडवायची म्हटली, तर लेखकाची पहिल्या प्रकरणातच पंचाईत होते. रिवाजाप्रमाणे खुन्यानं रात्री, भर पावसात, कुणाच्या नजरेस न पडता गावात शिरायला हवं. समजा, शिरला. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाडीतून नसरापूर मागे टाकून, कापूरहोळच्या अलीकडे तो महामार्गावर उतरला. अंगात काळा रेनकोट, कपाळापर्यंत ओढलेली टोपी, हातात लांबट पिशवी. पुस्तकात या ठिकाणी एक कुत्रं भुंकतं आणि एकाएकी गप्प होतं. आमच्याकडचं कुत्रं गप्प होत नाही. त्याचं ऐकून आणखी चार जण सूर लावतात. मग चहाच्या टपरीवरून बॅटरीचा झोत थेट खुन्याच्या तोंडावर पडतो आणि प्रश्न येतो, "कंच्या गावचं पाव्हणं? कुणाकडं जायचंय?"

झालं, कादंबरी इथंच बसली. "कुणाकडंच नाही" हे उत्तर या रस्त्यावर चालत नाही. खुन्यानं सुचेल ते एक नाव सांगितलं, तर टपरीवाला म्हणणार, "त्यांच्याकडं? अवं पण ती समदी मुंबईला गेल्यात, घराला कुलूप हाय. तुमचं नातं काय म्हणायचं?" घाबरून त्यानं मामेभाऊ सांगितला, की "मंजी माळेगावाकडचं का?" इथवर गाडी येते. सकाळी डेअरीवर दूध घालायला रांग लागते, तोवर पिशवीत सुरा असल्याची बातमी पोचलेली असते. त्यावर कुणी दचकत नाही. "आसंल," म्हणतात, "रविवारी कुणाच्या तरी पोराचं जावळ हाय, बकऱ्याच्या कामाला बोलावला आसंल." दुपारपर्यंत त्याला खरोखरच दोन ठिकाणचं बोलावणं आलेलं असतं. माणसाला गुन्हेगारी सोडून कष्टाची भाकरी खायला लावायचे अनेक मार्ग आहेत. त्यांतला हा एक.

मला ही पुस्तकं वाचायची जुनी खोड आहे. माहेर पुण्यातलं, पेठेतलं. तिथल्या वाचनालयातून मी रहस्यकथा आणायचे आणि घरी कथासंग्रह म्हणून दाखवायचे. माझ्या वडिलांच्या पिढीनं बाबूराव अर्नाळकर असेच पाठ्यपुस्तकात घालून वाचले. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ सालचा जन्म, आणि नावावर हजाराच्या वर कादंबऱ्या. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. रात्री चोरून, कंदिलाच्या उजेडात डोळे फोडून वाचायची सवय लावायची आणि सकाळी त्याच डोळ्यांना चष्मे विकायचे, असा दुहेरी धंदा मराठी साहित्यात दुसऱ्या कुणाला साधलेला नाही. त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय हे सगळे एका झेपेत भिंत ओलांडणारे. पुढे गुरुनाथ नाईक आले, आमच्या पुण्याचे सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांची 'दुनियादारी' सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्या बरोबरीनं त्यांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास वाचलेले लोक जरा आजूबाजूला पाहून, आवाज खाली करून ते कबूल करतात.

वाचनालयातल्या त्या पुस्तकांची एक गंमत असायची. कुणीतरी पुण्यवान सभासद चाळिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायचा, 'खुनी डॉक्टर आहे. पुढे वेळ घालवू नये.' असा संताप यायचा! पुढची दोनशे पानं त्या डॉक्टरकडे डोळे वटारून बघण्यात जायची. तो पात्रांना गोळ्या द्यायचा, नाडी बघायचा, विधवेच्या पाठीवरून हात फिरवून धीर द्यायचा, आणि सगळी पात्रं त्याला चहा पाजत असायची. ओरडून सांगावंसं वाटायचं. पण पुस्तकातल्या माणसांना समास दिसत नाही.

लग्न होऊन कामथडीला आले, तेव्हा पेटीतून दोन-चार थरारक कादंबऱ्याही आल्या. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, मुखपृष्ठावरचा रक्ताळलेला हात दिसला. "ह्ये वाचून झोप लागती व्हय गं तुला?" त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर त्याशिवाय लागत नाही. घराच्या मागच्या अंगाला रात्रभर महामार्गावरच्या ट्रकांची घरघर चालू असते. तिच्यात एखादा खून असला, की जरा सोबत वाटते.

वाचता वाचता ती सगळी पात्रं मी आमच्या शिवारात आणून सोडते आणि बघते, टिकतात का. टिकत नाहीत. परदेशी कादंबरीतला पोलीस अधिकारी एकटा राहतो. बायको सोडून गेलेली, मुलगी बोलत नाही, फ्रीजमध्ये सुकलेलं लिंबू आणि अर्धी बाटली. तो खिडकीशी उभा राहून पाऊस बघतो आणि खुन्यासारखा विचार करू लागतो. आमचं गाव राजगड पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. ठाण्याला नाव किल्ल्याचं, पण जीव सगळा महामार्गात अडकलेला. शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग, कुठं उलटलेला टेंपो, कुठल्या मंत्र्यांचा ताफा, गणपती, जत्रा, निवडणूक. या साहेबांनी खिडकीशी उभं राहून पावसाकडे बघायचं ठरवलं, तर पहिल्याच थेंबाला फोन वाजेल की रस्त्यावर झाड पडलंय. आणि एकटेपणा? एकट्या माणसाला इथं कुणी एकटं ठेवतं का? आठ दिवसांत कुणाच्या तरी घरून डबा सुरू होईल आणि पंधराव्या दिवशी डब्याबरोबर मुलीची पत्रिका येईल.

तपासाचं वेळापत्रकही आमच्या सोयीनं बसवावं लागेल. आषाढात भाताची लावणी असते. त्या दिवसांत साक्षीदार म्हणून कुणालाही बोलवा, तो गुडघाभर चिखलात वाकलेला असतो. "साहेब, येवढं इंद्रायणीचं खाचर उरकू द्या, मग काय ईचारायचं त्ये ईचारा," असं तो वर न बघता सांगणार. खुन्याला अटक करायची तरी लावणीनंतरच, कारण तोही कुणाच्या तरी खाचरात अडकलेला असण्याची शक्यता मोठी.

खरी गोची होते ती हेतूवर. या जातीच्या कादंबरीतला खुनी मुळात हेतूशिवाय मारतो. अनोळखी माणसं, काही देणं-घेणं नाही, तरी मारतो. म्हणून तर तो सापडत नाही आणि कादंबरी चारशे पानं चालते. आमच्याकडे गणित बरोब्बर उलटं. हेतू घरटी दोन. तपास अधिकाऱ्यानं नुसता गावाचा सातबारा काढून वाचला, तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावावर संशय बसेल. याचा बांध त्यानं वीतभर कोरला, त्याच्या विहिरीत यांचा हिस्सा, थोरल्या चुलत्यानं वारसनोंदीत बहिणींची नावं लावली नाहीत, रस्त्याकडेची गुंठेवारी कुणा एकानंच विकली आणि गाडी घेतली. महामार्ग रुंद झाला, जमिनीला भाव आला, तसे हेतूही वाढले. तीन पिढ्या एकमेकांच्या नावानं बोटं मोडणारी ही माणसं एकमेकांच्या मयताला मात्र पहिली हजर असतात. तिरडी बांधता बांधता सुतळीवरून पुन्हा भांडतात, ते वेगळं. खून करायला कारणं या माणसांकडे ढीगभर आहेत, पण सवड नाही. शिवाय खून केला, तर पुढच्या तारखेला कोर्टात भांडायचं कुणाशी?

पण म्हणून या मुलखाला तपास ठाऊक नव्हता, असं कुणी समजू नये. शेरलॉक होम्स १८८७ साली पहिल्यांदा छापला गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरांमध्ये पावलांचा तपास चालत होता. गावगाड्यात राखणीचं काम रामोश्यांकडे असायचं. चोरी झाली, की त्यांनी चोराचा माग काढायचा. ओल्या मातीतलं पाऊल, मोडलेली काडी, ओढ्याच्या वाळूतला ठसा बघत बघत गावच्या शिवेपर्यंत जायचं आणि तिथं तो माग पुढच्या गावाच्या हवाली करायचा. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवायचा. नाही दाखवता आला, तर चोर तुमच्यातच आहे असं धरून भरपाई तुमच्या गळ्यात. काय विलक्षण कायदा आहे बघा! 'आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हणायचं असेल, तर आधी ते पावलांनिशी सिद्ध करायचं.

आता तेच काम खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर होतं. तिथं गाडीचा नंबर आणि वेळ कॅमेरा टिपतो, फास्टॅगवर पैसे वळते होतात, आणि खुनी कितीही हुशार असला तरी त्याच्या पावलांची पावती फाटलेली असते. नव्या कादंबऱ्यांमध्ये निम्मा तपास असाच कॅमेऱ्यावर आणि मोबाइलच्या टॉवरवर चालतो. मला त्यात मजा वाटत नाही. पण जुन्या रामोश्यानं तो नाका पाहिला असता, तर त्याला काहीच नवल वाटलं नसतं. शीव तीच, राखण तीच, फक्त माग सांगणारं माणूस काचेआड बसलेलं. गावात पोलीस पाटील आजही आहेत. १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम त्यांना गावात काय घडतं, कोण येतं-जातं यावर लक्ष ठेवायला सांगतो. कायद्यानं एकाला सांगितलेलं हे काम आमच्या गावात सगळेच बिनपगारी करतात.

पुस्तकातल्या खुन्याला लेखक फार लाडानं वाढवतात, अशी माझी तक्रार आहे. थॉमस हॅरिसच्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मधला डॉ. हॅनिबल लेक्टर घ्या. कादंबरी १९८८ ची, त्यावरचा सिनेमा १९९१ चा. उंची वाइन, अभिजात संगीत, चित्रकला, आणि अंधारातून माणसाच्या मनाचा तळ गाठणारी बुद्धी. वाचताना वाटतं, इतका सुसंस्कृत माणूस आपल्या नात्यात एकही नाही. त्याच्यापुढे आपल्या मुंबईचा रमण राघव ठेवून पाहा.

१९६८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या उत्तरेकडच्या उपनगरांत झोपड्यांत, उघड्यावर झोपलेल्या माणसांची डोकी रात्री ठेचली जाऊ लागली. लोक काठ्या घेऊन रात्र रात्र जागायला लागले. तपासाची सूत्रं गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. हे पुढे राज्याचे पोलीस महासंचालक झाले. खुन्यानं पोलिसांना कोडी घातली नव्हती, की नकाशावर त्याच्या खुनांची नक्षी उमटत नव्हती. दोन-तीन वर्षांपूर्वीही असेच हल्ले झाले होते, तेव्हा हा माणूस संशयावरून हाताला लागला होता आणि पुराव्याअभावी सुटला होता. त्याची नोंद आणि फोटो तेवढे दप्तरात राहिले. २७ ऑगस्ट १९६८ ला उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांना रस्त्यात एक माणूस दिसला आणि त्यांनी त्याला फोटोवरून ओळखलं. संपला थरार. ना पाठलाग, ना कड्याच्या टोकावरची झटापट. झडती घेतली तेव्हा त्याच्याजवळ निघालं काय? एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पावडर आणि आकडेमोड केलेले दोन कागद.

ही यादी मी अनेकदा वाचली आहे. चारशे पानांच्या कादंबरीनं येत नाही तेवढा काटा त्यातल्या लसणानं अंगावर येतो. लसूण आणि चहापूड. म्हणजे त्या माणसालाही संध्याकाळी काहीतरी शिजवायचं होतं, सकाळी घोटभर चहा घ्यायचा होता. पुढे तो कोठडीत बोलेना. काही हवंय का विचारल्यावर त्यानं कोंबडीचं जेवण मागितलं, मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा. तेल लावून, भांग पाडून, आरशात बघून झाल्यावर तो बोलायला लागला, आणि मग एकेक जागा दाखवत गेला. न्यायालयानं फाशी सुनावली होती. तो मनोरुग्ण असल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर ती पुढे जन्मठेपेत बदलली. १९९५ साली तो आमच्या पुण्यातच, ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकारानं गेला.

पुण्याची गोष्ट निघाली की १९७६ साल आल्याशिवाय राहत नाही. जोशी-अभ्यंकर खून प्रकरण. माझी आई सांगायची, दिवेलागणीला सगळी पेठ कड्या घालून बसायची. दारावर टकटक झाली की आतून आधी नाव विचारायचं, मग आवाज ओळखायचा, मग साखळी लावूनच फट उघडायची. दहा जीव घेणारे निघाले कोण, तर कला महाविद्यालयातले चार विद्यार्थी. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. सगळं शहर रात्रीत कुणी राक्षस शोधत होतं, आणि ही मुलं दिवसाउजेडी टिळक रस्त्यावर कटिंग पीत बसलेली.

मी पेठेतून गावात आले, तेव्हा मनात म्हटलं होतं, चला, हे शहरातलं लफडं. दाराला साखळ्या लावणाऱ्या वस्तीत कोण कुणाला ओळखतं? आमच्याकडे रात्री अकराला स्कूटर कुणाची गेली, हे नुसत्या सायलेन्सरवरून सांगणारी म्हातारी आहे. इथं कुणी कुणाला काय मारणार, आणि मारून लपवणार तरी कुठं?

मग २०१६ चा ऑगस्ट आला. भोरवरून मांढरदेवीचा घाट ओलांडला, की पलीकडे वाई. त्या वाईत संतोष पोळ नावाच्या, डॉक्टर म्हणून मिरवणाऱ्या माणसाला अटक झाली. २००३ पासून सहा खून केल्याचा आरोप. धोम परिसरातली जमीन उकरून पोलिसांनी पुरलेले देह काढले. निवाडा करणं हे न्यायालयाचं काम, आपण आरोपच म्हणायचं. पण माणसं गेली होती, हे तर खरं. तेरा वर्षांत एकेक करून गेलेली, आणि त्यांत बहुतेक बायका. प्रत्येकीचं नाहीसं होणं वेगळ्या सालच्या, वेगळ्या कागदावर. वाई काही मुंबई नव्हे. तिथंही टपऱ्या आहेत, डेअऱ्या आहेत, सायलेन्सर ओळखणाऱ्या म्हाताऱ्या आहेत.

मला तो पेन्सिलवाला सभासद आठवला. खुनी डॉक्टर आहे. इथं समासात कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या गावच्या चौकशीकडे मी जरा निरखून पाहायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की ही चौकशी सरसकट नसते. ती उतरंडीनं चालते. सर्वांत जास्त प्रश्न कुणाला? भंगार गोळा करणाऱ्याला, परप्रांतातून आलेल्या गवंड्याला, कॉलेजातून एक गाडी उशिरा आलेल्या पोरीला, आणि घरच्या सुनेला. नसरापूरला बनेश्वराच्या दर्शनाला निघाले तरी फाट्यापर्यंत मला तीन जण विचारतात, "कुठं निघालीस गं?" परतताना पुन्हा, "झालं का?" माझ्या नवऱ्याला कुणी विचारत नाही. शिरवळच्या कारखान्यातली पाळी संपून तो कधी मध्यरात्री येतो, कधी पहाटे. "कामावरनं येतोय" एवढं गृहीत धरलेलं असतं. आणि सर्वांत वर बसलेल्यांना, म्हणजे डॉक्टर, वकील, सावकार, साहेब, बुवा यांना तर प्रश्न विचारणंच अप्रशस्त. डॉक्टरची गाडी अपरात्री ओढ्याकडे गेली, तर आम्हीच आमच्यात उत्तर देऊन टाकतो, "पेशंट आसंल."

गप्पांचा दुसराही एक दोष आहे. गप्पा नुसते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरंही पुरवतात. एखादी बाई गावातून दिसेनाशी झाली, की दोन दिवसांत पारावर निकाल लागतो. गेली आसंल पोराकडं मुंबईला. भांडण झालं व्हतं म्हणं. कुणासंगं तरी गेली, आमाला आधीच वाटलं व्हतं. एकदा का गोष्टीला असा झकास शेवट सापडला, की मग तिला शोधायचं राहूनच जातं. बाहेरून आलेल्या खुन्याला आमचं गाव एका रात्रीत पकडेल, यात मला अजूनही शंका नाही. पण आधीपासून गावात असलेला, नमस्कार घेणारा, वेळेला उपयोगी पडणारा? त्याला आम्ही आमच्या हातानं चहा पाजू.

म्हणून मला वाटतं, कादंबरीतल्या तपास अधिकाऱ्याचा खरा गुण त्याच्या बुद्धीत नसतो. तो अत्तराच्या वासावरून माणूस ओळखतो आणि राखेवरून विडीचा छाप सांगतो, ती सगळी लेखकाची आतषबाजी. त्याचा गुण एवढाच, की तो सगळ्यांना तोच प्रश्न विचारतो. मंगळवारी रात्री तुम्ही कुठं होता? हा प्रश्न तो माळ्याला विचारतो आणि त्याच चालीवर बंगल्याच्या मालकालाही विचारतो. मालक चिडतो, वरच्यांना फोन लावतो. आपण वाचक गालात हसतो. जन्मभर ज्यांना विचारायची सोय नव्हती, त्यांना आपल्या वतीनं कुणीतरी विचारतंय, याचं ते सुख आहे. आणि दुसरा गुण म्हणजे, 'गेली असेल कुठंतरी' हे उत्तर तो घेत नाही. वाईचं प्रकरणही असंच उघडलं. शेवटी नाहीशा झालेल्या अंगणवाडीच्या बाईंच्या माणसांनी पाठपुरावा सोडला नाही आणि पोलिसांनी धागा हातातून निसटू दिला नाही. त्यात चमत्कार नव्हता. ठाण्याच्या बाकावर पुन्हा पुन्हा जाऊन बसणं होतं.

त्या प्रकरणावरून सुचलेली 'देवमाणूस' ही मालिका झी मराठीवर २०२० च्या ऑगस्टअखेरीस सुरू झाली. किरण गायकवाडनं तो डॉक्टर असा काही रंगवला, की टाळेबंदीत कोंडलेल्या घराघरांत रात्री भांडी घासायची राहायला लागली. जिनं माझ्या पुस्तकावरून नाक मुरडलं होतं, ती आमची आत्या पदर खोचून पहिल्या रांगेत. मालिकेतली सरू आजी शिव्यांच्या लाखोल्या वाहायची, तेव्हा आत्या खूश. आपल्या तोलामोलाचं कुणीतरी टीव्हीवर आलंय, असा चेहरा. घरातले बाकीचे खुन्यावर बोलायचे. कसा हसतो, कसा फसवतो, आता कसा सुटणार. आत्याचा प्रश्न मात्र दरवेळी भलताच असायचा. "मागल्या आठवड्यात मारली त्या बाईच्या पोराबाळांचं काय झालं? जेवाय कोण घालतंय त्यास्नी?"

उत्तर कुणाकडेच नसायचं. लेखकांकडेही नसतं. दुसऱ्या प्रकरणात देह सापडतो, घरचे हंबरडा फोडतात, अधिकारी टोपी काढतो, आणि त्यानंतर ती माणसं पुस्तकातून बाहेर काढली जातात, कारण पुढे आपल्याला खुन्याबरोबर फिरायचं असतं. १८८८ साली लंडनमध्ये बायकांना मारणारा कधीच सापडला नाही, तरी त्याचं 'जॅक द रिपर' हे टोपणनाव जगाला पाठ आहे. त्या बायकांची नावं सांगा म्हटलं, तर माझ्यासारखी पट्टीची वाचणारीही गडबडते. कुणी या जातीची मराठी कादंबरी लिहीत असेल, तर त्यानं निदान एक प्रकरण आत्याच्या प्रश्नाला द्यावं. थरार कमी होणार नाही. हरवलेल्या आईचा रेशनकार्डावरचा फोटो घेऊन तालुक्याच्या गावी हेलपाटे घालणाऱ्या पोरीपेक्षा मोठा पाठलाग मला तरी वाचायला मिळालेला नाही.

मालिका संपली. आत्यावर झालेला परिणाम संपलेला नाही. मध्यंतरी फाट्यावर नव्या डॉक्टरांनी दवाखाना टाकला. बिचारे तरुण, नम्र, येताजाता हात जोडणारे. आत्याचे गुडघे पावसाळ्यात धरतात, म्हणून ती नातीला घेऊन गेली आणि चांगली दोन तासांनी परतली. पिशवीत चार गोळ्या आणि एक मलम. तोंडात मात्र डॉक्टरांचं मूळ गाव, वडिलांचा धंदा, बायकोचं माहेर, आधीचा दवाखाना कुठं होता आणि तिथून का उठले, एवढी सगळी माहिती.

मी विचारलं, "आत्या, गुडघ्याचं काय म्हणाले?"

"गुडघ्याचं बगू मागनं," ती चप्पल काढत म्हणाली. "भितीवरचं सर्टिफिकीट पोरीकडनं मोठ्यानं वाचून घेतलं, खालच्या शिक्क्यापतूर. मानूस खरा हाय. आता गोळी खायाला हरकत न्हाय."